जिभेला न शिवणारा घास

माझ्या नातीनं अख्ख्या जिल्ह्याच्या जिभेला कुलूप लावलं, आणि त्या कुलपाचं लोखंड तिनं माझ्याच गुऱ्हाळातनं नेलं. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. म्हणतात, आकाराम गुळव्या थापा मारतो. मारतो की! नाही कोण म्हणतंय? पण भाकरीला तूप लावावं तेवढीच माझी थाप असते. भाकरी खरी असते.

तर आधी भाकरी.

पन्नास वर्षं मी गूळ रांधला. आमचं गाव पिंपळदरा, कोल्हापूरपासून दीड तासावर. उसाचा रस काहिलीत, त्या मोठ्या कढईत, तापायला लागला की त्यात काय काय तरंगतं ते गूळ खाणाऱ्यानं कधी बघू नये. माती, भुसकट, उसाच्या सालीवरचं मेण. ही घाण गाळून निघत नाही. त्यासाठी आम्ही रानभेंडीची झाडं खोडासकट ठेचतो आणि पाण्यात चोळतो. पाणी असं बुळबुळीत होतं की हात बाहेर काढला तर बोटांबरोबर तार येते. ते पाणी रसात ओतलं की सगळी घाण त्या तारेला धरून वर येते. तिला मळी म्हणायचं आणि झाऱ्यानं काढून टाकायचं. माझा आजा हेच करत होता, त्याचा आजाही हेच करत असणार. कुणाला त्यात शास्त्र दिसलं नाही.

दिसलं ते आमच्या शर्वरीला. माझ्या थोरल्या लेकाची ही मुलगी. आईबाप नोकरीपायी बेळगावात, त्यामुळं ही वाढली आमच्याकडं, म्हणजे माझ्या बायकोच्या, हौसाबाईच्या हाताखाली. शिकायला मोठ्या शहरात गेली आणि सव्विसाव्या वर्षी डॉक्टर होऊन परत आली. सुई टोचणारी नव्हे, कागदावरची.

"कशात डॉक्टर झालीस म्हणायची?" मी विचारलं.

"द्रवांमध्ये, आबा."

"म्हंजे पाण्यात?"

"पाणी सरळ असतं हो. मी अवघड द्रवांचा अभ्यास केला. जे वाहतातही, आणि ताणून सोडले तर रबरासारखे मागंही येतात."

"असला द्रव तुझी आज्जी हाय," मी म्हणालो. "त्यावर पन्नास वर्षं माझाबी अभ्यास चाललाय."

आतनं भांडं आपटल्याचा आवाज आला. हौसाबाईचं उत्तर असं भांड्यांतनं यायचं.

शर्वरीनं गुऱ्हाळातल्या भेंडीच्या पाण्याची एक बादली नेली, एक काचेची बारीक नळी आणली आणि मला शिकवायला बसली. ते मी तुम्हाला तसंच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातनं झाला. नळीतनं काहीही वाहताना मधला भाग पळतो आणि कडेचा भाग भिंतीला धरून रेंगाळतो. भेंडीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबच लांब साखळ्या असतात. भिंतीजवळ एक थर पळतोय आणि शेजारचा अडतोय, अशा ओढाताणीत त्या साखळ्या ताणल्या जातात. मधोमध ओढाताण नाही, तिथं त्या सैल. आता या प्रवाहात एखादा कण टाका. भिंतीकडच्या ताणलेल्या साखळ्या त्याला रेटतात. तो सरकत सरकत नळीच्या बरोबर मध्यावर येतो आणि मग शेवटपर्यंत मधनंच जातो. कण जितका मोठा तितका लवकर मध्यावर. तिनं नळीत मोहरी सोडून दाखवली. साध्या पाण्यात मोहरी बाजारातल्या माणसांसारखी कुठंही फिरत होती. भेंडीच्या पाण्यात मात्र एकामागं एक, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी. एकीनंसुद्धा भिंतीला अंग लावलं नाही.

"झकास," मी म्हणालो. "आता ह्याचं करायचं काय?"

"अजून माहीत नाही."

ते त्याच वर्षी कळलं. हौसाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं, ते दोन्ही हळूहळू थोडं सुधारलं. पण गिळणं गेलं ते गेलंच. घोटभर पाणी दिलं तरी ते श्वासनळीत शिरायचं आणि ही काळीनिळी व्हायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा शर्वरी उठली आणि तडक गुऱ्हाळात गेली. अकरा दिवसांनी एक बाटली घेऊन आली. आत भेंडीचाच रस, पण शुद्ध केलेला, काचेसारखा. त्यात कालवलेला घास घशाच्या भिंतीला न शिवता, इकडंतिकडं न सांडता, मधोमध, थेट अन्ननळीत उतरायचा. पहिल्या दिवशी हौसानं वाटीभर पेज एकदाही न ठसकता संपवली. मी कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होतो. ज्यानं बघितलं असेल त्यानं ते विसरून जावं.

तिनं त्या द्रवाला नाव दिलं 'मधोमध'. इथपर्यंत तक्रार नाही. इथपर्यंत मी त्या पोरीच्या पायाचं तीर्थ घ्यायला तयार आहे.

पण त्यात एक गंमत होती. तोंड म्हणजे तरी काय, आखूड नळीच. 'मधोमध' इतका जोरकस होता की तोंडात शिरल्या शिरल्याच सगळे कण मध्यावर. कडेला नुसता बुळबुळा. आणि जीभ असते कडेला. म्हणजे घास जिभेला शिवतच नव्हता. चव नावाचा प्रकार संपला. औषधाची कडू पूड खाल्ली काय नि पेढा खाल्ला काय, सारखंच.

शर्वरीनं हे कागदावर 'किरकोळ परिणाम' म्हणून लिहिलं. आणि लोकांनी त्या किरकोळ परिणामासाठीच उड्या मारल्या!

आधी आल्या पोरांच्या आया. 'मधोमध'चा चमचा घातला की कारटं कारलं खातं, मेथी खातं, काढा पितं. मग वसतिगृहं आली, कारण तिथल्या जेवणाला हाच एक उपाय होता. मग खानावळी. कोल्हापुरात मिसळीच्या दुकानात मला मालकानं अभिमानानं सांगितलं, "तात्या, आता कट करायचं थांबिवलं. लाल रंगाचं पानी आनि वर चमचाभर मधोमध. एक गिऱ्हाईक बोलत न्हाई बगा." बोलणार कशाला? मी त्या दुकानासमोर भर दुपारी टोपी काढून उभा राहिलो. माणूस गेल्यावर राहतात तसा.

सांगलीकडच्या एका पैलवानानं पैजेवर बादलीभर कडुलिंबाचा रस रिचवला आणि वर विचारलं, सुरुवात कधी करायची? माझा जन्माचा सोबती जिनाप्पा. ऊस त्याचा, गूळ माझा, अशी आमची पन्नास वर्षांची जोडी. त्याच्या नातवाच्या लग्नात चारशे माणसांची पंगत सातव्या मिनिटाला उठली. एका पाव्हण्यानं भाजीबरोबर द्रोणही चुरून खाल्ला आणि आचाऱ्याला नमस्कार करून गेला. खरकटं हुंगून तोंड फिरवलं ते फक्त जिनाप्पाच्या कुत्र्यानं. मांडवात अक्कल असलेला तेवढा एकच.

आमच्या गावात आमटीवरनं तीन पिढ्या भांडणाऱ्या सासवासुना गप्प झाल्या. सरपंच सांगत फिरायला लागले की गावात तंटा उरला नाही. उरणार कुठनं? तोंडाला लागलंच नाही तर माणूस भांडणार कशावरनं? गावात इतकी शांतता झाली की मला झोप लागेना.

आणि ऊस गेला. सगळ्या शिवारात भेंडी. माझ्या गुऱ्हाळात शर्वरीचा कारखाना. माझ्या चुलवाणावर आता भेंडीचा रस आटतो आणि पांढरे डगले घातलेली माणसं मला म्हणतात, "आजोबा, आत चपला घालून येऊ नका." माझ्याच गुऱ्हाळात! मी गुळव्या, जिभेवर जगलेला माणूस. उकळत्या काहिलीतला थेंब चाखून गुळाची जात सांगणारा. आता मी जिल्ह्यातला सगळ्यांत बिनकामाचा इसम झालो.

एवढ्यावर मी नुसताच वैतागत बसलो असतो. वैताग हा माझा म्हातारपणचा व्यायामच आहे. पण तिसऱ्या वर्षी हौसानं जेवण सोडलं.

रुसून नव्हे. रुसली असती तर भांडं आपटलं असतं. ती नुसती तोंड मिटून बसायला लागली. आधी रात्रीचं, मग दुपारचं. बावन्न किलोची बाई अडतीसवर आली. शर्वरी मांडीवर डोकं घेऊन भरवायची, ती दोन चमचे घ्यायची आणि मान फिरवायची.

"का गं हौसा? पोटात दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

ती अडखळत म्हणाली, "अवो, तोंडात काय शिरतंय त्याचा पत्ताच न्हाई मला. भिंतीतनं भूत जावं तसा घास जातोय. मी खाल्लं, का कुनी दुसऱ्यानं खाल्लं? भूकच लागंना झालीया."

तालुक्याहून डॉक्टर तेरदाळेबाई आल्या. बारीक चणीच्या, बोलायला सरळ. नाडी बघितली, वजन बघितलं आणि मला नि शर्वरीला ओसरीत बोलावलं. "पुढच्या सोमवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू का, या वयात नळी घातलेलं माणूस परत ताटावर येत नाही."

त्या दिवशी रविवार होता. म्हणजे आठ दिवस.

त्या गेल्यावर मी शर्वरीवर घसरलो. "तुझा तो रस पातळ कर. तिच्या जिभेला कायतरी लागू दे."

"पातळ केला की घशात घास इकडंतिकडं जाणार, आबा. पहिला ठसका, आणि संपलं. चव नसली तरी माणूस जगतं. श्वासनळीत अन्न गेलं तर जगत नाही."

"मग ही का मरायलीय?"

ती एकदम उभी राहिली. "तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नाही? रोज तिच्या तोंडात चमचा कोण घालतं? तुम्ही?" आणि कारखान्यात निघून गेली. मी नको ते बोललो हे मला कळलं, पण परत घेता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यातनं 'मधोमध'चा एक डबा उचलला. चोरला म्हणा हवं तर. भेंडी माझी, गुऱ्हाळ माझं, नात माझी. चोरी कसली त्यात? गुरांच्या दवाखान्यातनं सलाईनची नळी मागून आणली, घरातनं मोहरी घेतली आणि जिनाप्पाच्या गोठ्यात प्रयोगशाळा मांडली. नळी खांबाला बांधली. जिनाप्पाला खाली बसवलं आणि मोहरी भिंतीला लागते का ते बघायला सांगितलं.

"आक्या, मर्दा, ऐंशीव्या वर्षी मोहऱ्या मोजायला लावतोस व्हय?"

"तुला दुसरं काय काम हाय? बग गप."

जोरकस रस सोडला, मोहरी रांगेत. पाणी घालून पातळ केला, तर मोहरी हळू सोडली तरी भटकते आणि जोरात सोडली तरी भटकते. पुन्हा घट्ट केला, पुन्हा रांगेत. दोन तास हेच. जिनाप्पाचे डोळे पाणावले.

आणि मग मी ती चूक केली. गुळव्यासमोर भेंडीचं पाणी आलं की त्याचा हात आपोआप चुन्याच्या डब्याकडं जातो. रसाचा आंबटपणा मारायला आम्ही भेंडीमागोमाग चिमूटभर चुना टाकतोच टाकतो. पन्नास वर्षांची सवय. डोकं मोहरीत होतं, हात आपल्या कामाला, जिनाप्पाच्या तंबाखूच्या चुन्याच्या डबीकडं, गेला. क्षणभर काही झालं नाही. मग रस थिजला, त्यात गोळे धरले, नळी तुंबली, मी वरनं पिळली आणि खालचं तोंड सुटून सगळा लगदा मोहरीसकट जिनाप्पाच्या टोपीवर.

तेवढ्यात दारात शर्वरी. डबा शोधत आली होती.

"हे काय चाललंय?"

"तुज्या आज्याला इचार," जिनाप्पा टोपी झटकत म्हणाला. "मला फोडणी द्यायलाय."

शर्वरीनं तो गोळा बोटात धरून बघितला. "चुना घातलात? आबा, चुन्यानं या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. हा गोळा आज्जीच्या घशात अडकला असता, तर?"

मी खाली बसलो. ती नळी धुवायला लागली. मला तिची ती पाठ बघवेना म्हणून मी आपला बरळत राहिलो, गप्प बसता येत नाही म्हणून.

"चुना सवयीनं गेला गं. गुऱ्हाळात हात असाच चालतो. आनि खरं सांगायचं तर तुझा रस लई ताठ हाय. एवढी ताठ तार आम्हीबी वापरत न्हाई. गडी कधी भेंडी ठेचून ठेचून जास्तीच घुसळतो, मग ते पानी मरतं. मी कितीदा शिव्या घातल्यात त्यापायी."

"मरतं म्हणजे?" ती वळली नाही, पण हात थांबले.

"तार सुटत न्हाई. दोन बोटांत धरलं की लगीच तुटतं. रस संथ असताना टाकलं तर मळीला हात लावत न्हाई ते. पण काहिलीला जोराची उकळी आली, रस उसळायला लागला, की तेच मेलेलं पानी जागं होतं आनि मळी धरतं. म्हनून टाकून देत न्हाई आम्ही. अर्धमेलं पानी म्हनतो त्याला."

आता ती वळली. हातातनं पाणी गळत होतं. "संथ असताना धरत नाही, आणि जोरात असताना धरतं?"

"व्हय."

"हे मला कधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कधी? तू भेंडी नेलीस. गुळव्या न्हाई नेलास."

जिनाप्पा म्हणाला, "आता भांडू नगा. माझ्या टोपीत अजून मोहरी हाय."

पण शर्वरी खांबाला टेकून बसली होती आणि बोटानं धुळीत रेघा काढत होती. तिथंच तिनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना समजावलं, बहुतेक स्वतःलाच समजावत होती. ताणलेली साखळी पुन्हा सैल व्हायला वेळ घेते. लांब साखळीला जास्त वेळ, आखूड साखळीला कमी. 'मधोमध'मधल्या साखळ्या इतक्या लांब की जिभेवर संथ सरकतानासुद्धा त्यांना सैल व्हायला सवड मिळत नाही. म्हणून तिथंच सगळं मध्यावर ढकललं जातं. पाणी घालून साखळ्या नुसत्या विरळ होतात, आखूड होत नाहीत, म्हणून माझा प्रयोग फसला. पण घुसळून त्या तोडल्या तर? जिभेवर घास हळू चालतो. तिथं आखूड साखळ्या ताणल्या गेल्या तरी लगेच सैल होतील, कण मोकळे फिरतील, जिभेला लागतील. आणि घशात शिरताना प्रवाह एकदम धावतो. तिथं आखूड साखळीलाही सैल व्हायला वेळ नाही. ताण बसला, की घास मधोमध.

"म्हंजे जिभेवर जत्रा आनि घशात मिरवनूक," जिनाप्पा म्हणाला.

"अगदी तसंच, जिनाप्पाआज्जा." ती कितीतरी महिन्यांनी हसली. "पण किती तोडायच्या ते नेमकं कळायला हवं. जरा जास्त झालं तर मिरवणूकही मोडेल."

तीन दिवस आम्ही घुसळत होतो. तिच्याकडं साखळ्या मोजणारं यंत्र होतं, त्याला एका घुसळणीमागं अर्धा दिवस लागायचा. मी दोन बोटांत तार धरायचो आणि सांगायचो: "जित्ता हाय. आनखी. आनखी. थांब, मेला हा, वतून टाक." पहिल्या दिवशी तिनं माझी बोटं आणि यंत्र, दोन्ही बाजूबाजूला लिहिली. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद केलं. पांढऱ्या डगल्यातला एक जण तिच्या कानाशी कुजबुजला, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "चपला घालूनच येऊ दे त्यांना." गुरुवारी संध्याकाळी मोहरी जमली. हळू सोडली की नळीभर भटकायची, जोरात सोडली की रांगेत.

"झालं की!" मी म्हणालो. "चल, पाजू तिला."

"नाही."

"आता काय?"

"आबा, ही नळी आहे. आज्जीचा घसा नळी नाही. असा रस माणसाला देण्याआधी सहा महिने चाचण्या कराव्या लागतात."

"सहा महिने! सोमवारला चार दिवस उरल्यात."

"मला मोजता येतं." तिचा आवाज फाटला. "मीच तिला जगवलं म्हणतात ना सगळे? मग मीच मारलं तर?"

तीच उठली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात, तेरदाळेबाईंना बोलावून, घशाचं चित्र दाखवणारं यंत्र लावून तिनं स्वतः त्या रसातले पन्नास घास खाल्ले. मग मला खायला घातले. माझा घसाही आता काही नवा नाही. मग जिनाप्पा न बोलावता येऊन बसला. पडद्यावर प्रत्येक घास घशाशी येऊन ओळीत व्हायचा आणि उतरायचा. तरी तेरदाळेबाई म्हणाल्या, "तुमचे स्नायू धड आहेत. त्यांचे नाहीत. मी श्वासनळी साफ करायचं यंत्र घेऊन शेजारी बसेन, पण हमी देणार नाही. आणि निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा नाही."

खरंच की. आम्ही दोघं पाच दिवस तिच्या घशावर भांडत होतो आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शर्वरीनं तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. काहीही न लपवता. ठसका लागू शकतो, तो शेवटचा असू शकतो, हेसुद्धा. हौसानं ऐकून घेतलं.

"चव लागंल?"

"लागायला हवी."

"मग आमटी आना," ती म्हणाली. "मेले तर तोंडात कायतरी घिऊन मरीन. आनि तू रडू नगंस. केस बांद आधी, सगळे घासात पडतील."

आता आमटी करायची कुणी? शर्वरीला साखळ्या मोजता येतात, डाळ शिजवता येत नाही. हौसा पडल्यापासून तीन वर्षं घरात स्वयंपाक मीच करत होतो. डाळ, तांदूळ, हाताला येईल ती भाजी, सगळं एका कुकरात. कुणाला चव लागत नव्हती, मला कुणी नाव ठेवत नव्हतं, आणि मी स्वतः तोंडात घालताना दुसरीकडं बघायचो. जन्मभर गूळ रांधलेल्या माणसाला आमटी काय अवघड, असं मला वाटायचं. शनिवारी सकाळी मी ती मन लावून केली. इतकं मन लावून की मीठ घातलं का नाही ते आठवेना, म्हणून परत घातलं.

शर्वरीनं ती वाटून त्यात अर्धमेला रस कालवला. तेरदाळेबाई यंत्राची नळी हातात धरून बसल्या. जिनाप्पा दारात, नवी टोपी घालून. शर्वरीनं चमचा भरला आणि माझ्या हातात दिला.

हौसानं तोंड उघडलं. मी घास घातला.

पडद्यावर तो जिभेवर पसरला. भटकला, कडेला गेला, परत आला. रांग नाही, काही नाही. मग हळूच मागं सरकला. घशाच्या तोंडाशी आला. तिथं तो एकदम आवळला गेला, बारीक धार झाला आणि मधोमध खाली उतरला.

आम्ही ठसक्याची वाट बघत राहिलो. तेरदाळेबाई ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होत्या. वीसपर्यंत गेल्या, तिसापर्यंत गेल्या. ठसका आला नाही.

हौसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जीभ एका गालाला गेली, दुसऱ्या गालाला गेली. मला वाटलं, तीन वर्षांनी चव लागली, बाईला गहिवरून आलं. मी तिचा हात धरला.

"अवो."

"काय गं?"

"हे काय हाय?"

"आमटी."

"कुनी सांगितलं तुमाला?"

मी हात सोडला.

"मीठ दोनदा पडलंय. फोडनी करपलीया. डाळ टचटचीत कच्ची, वाटूनसुद्धा कळतीया. आनि ह्यात चिंच कुटं हाय?"

"चिंच संपली हुती. मी लिंबू–"

"लिंबू! आमटीत लिंबू!" अडतीस किलोची बाई उशीवरनं उठायला लागली. "तीन वर्षं हेच घालत हुतासा मला? पोरी, तू बगत हुतीस नुसती?"

दारातनं जिनाप्पा म्हणाला, "वैनी, लगनात आमच्यात ह्यापेक्षा वंगाळ हुतं."

"आज्जी," तेरदाळेबाईंनी विचारलं, "घशात काही अडकल्यासारखं वाटतंय का?"

"घशाला काय धाड भरलीया? वरच अडाकलंय सगळं."

मी वाटी खाली ठेवायला लागलो. पन्नास वर्षं जिभेवर जगलेल्या माणसाला चार लोकांसमोर एवढं पुरे असतं.

"ठेवताय कुटं?" हौसा म्हणाली. "असली आमटी मी जल्मात खाल्ली न्हवती." आणि पुढच्या घासासाठी तिनं तोंड उघडलं.